उतरण्याची विद्या

शास्त्रपाठ : २ राजे ५:१-१४, लूक १९:१-१०, योहान १३:१-१७, फिलिप्पै २:१-११



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या संडे स्कूलच्या वर्गात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, मल्लखांब शिकायला आखाड्यात गेलेले येशूला चालेल का?" मागच्या बाकावरची मुले हसली. तो मात्र हसला नाही. त्याच्या शाळेतून चार मुलांची निवड झाली होती, त्यांत तो होता, आणि घरी आजी नको म्हणत होती. आम्ही त्याला म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो." या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देऊन मोकळे होणे आम्हांला बरे वाटले नाही. आम्ही स्वतः लहानपणी त्या खांबावर चढलो आहोत, त्यावरून पडलो आहोत, आणि त्या पडण्याचा अर्थ कळायला आम्हांला पुढे सतरा-अठरा वर्षे लागली.

त्या मुलाला पुढच्या रविवारी जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत. मंडळीतील आईबापांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

आमच्या गावचा खांब

उज्जैन म्हटले की बाहेरच्या माणसाला क्षिप्रेचा घाट, महाकालाचे मंदिर आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ आठवतो. सिंहस्थातले आखाडे साधूंचे. आम्ही लिहीत आहोत तो आखाडा निराळा. तेथे तांबडी माती असते, मुद्गल असतात, पहाटेच्या जोर-बैठका असतात, आणि एका बाजूला जमिनीत घट्ट पुरलेला गुळगुळीत लाकडी खांब असतो.

हा खांब शिसवाचा किंवा सागवानाचा. जमिनीवर तो साधारण साडेआठ फूट उंच दिसतो. खाली जाड आणि वर निमुळता होत जाणाऱ्या भागाला अंग म्हणतात, त्याच्या वरच्या बारीक भागाला मान, आणि टोकावरच्या गोळ्याला बोंड. अंगाला घासून कातडे सोलू नये म्हणून खांबाला एरंडेल चोळतात. मल्लाने सराव करायचा तो खांब म्हणून मल्लखांब. कुस्तीगिराला रोज जोडीदार मिळेलच असे नाही. खांब मात्र रोज उभाच असतो.

ही विद्या जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी तिला नवे जीवन दिले असे परंपरेने मानतात. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी व्यायाम तेथे करून दाखविले.

उज्जैन ही एके काळी शिंद्यांची राजधानी. ग्वाल्हेरला गादी गेल्यावरही मराठी घरे माळव्यात राहिली, आणि मल्लखांबही येथे रुजला. १९८१ साली या खेळाची अखिल भारतीय पातळीवरची स्पर्धा उज्जैनला झाली. २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांब हा राज्याचा खेळ ठरविला. २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि २०२३ साली मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा मल्लखांबाचे सामने आमच्याच गावी झाले. असे असताना आमच्या मंडळीतील मुलांचे डोळे त्या खांबाकडे वळले तर नवल नाही.

आधी आजीची शंका

आजीची शंका खोटी नाही. आम्ही ज्या आखाड्यात शिकलो तेथे कोनाड्यात मारुतीची मूर्ती होती. मुले आत आली की प्रथम तिला नमस्कार करीत. आमच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी उस्तादांना सांगितले की, आम्ही ख्रिस्ती आहोत. मुलगा पूजेत भाग घेणार नाही, पण आपली बाकीची सगळी शिस्त पाळील. उस्ताद म्हणाले, "अदब से खड़ा रहे, बस." त्यानंतर रोज ती दोन मिनिटे आम्ही बाजूला हात बांधून उभे राहत असू आणि मनात प्रभूची प्रार्थना म्हणत असू. कोणी हसले नाही, कोणी सक्ती केली नाही. पुढे कळले की उस्तादांना वडिलांचे ते सरळ बोलणे आवडले होते.

या बाबतीत पौलाचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. ते खेळ पोसायडन नावाच्या ग्रीक समुद्रदेवाच्या सन्मानार्थ असत आणि विजेत्याला पानांची माळ मिळे. पौलाला हे ठाऊक होते. तरी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ९व्या अध्यायात तो धावणाऱ्याचे आणि मुष्टियुद्ध करणाऱ्याचेच उदाहरण घेतो. ते कोमेजणाऱ्या मुकुटासाठी एवढे कष्ट करतात, तर आपण न कोमेजणाऱ्यासाठी किती करावे, असा त्याचा आशय आहे. आणि त्याच पत्राच्या १०व्या अध्यायात तो मूर्तिपूजेपासून दूर राहावयास तितक्याच स्पष्टपणे सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच हाताने, एकाच पत्रात लिहिल्या आहेत. खेळाडूच्या परिश्रमापासून शिकावे, आणि आपली भक्ती कोणाला वाहिलेली आहे हे विसरू नये.

म्हणून आईबापांनी तीन गोष्टी पाहाव्यात. आपण ख्रिस्ती आहोत हे गुरूला उघडपणे, आदराने सांगितले आहे का? बाजूला का उभे राहायचे हे मुलाला समजले आहे का, की ते त्याला नुसते भांडण वाटते? आणि रविवारची उपासना सरावासाठी बुडत तर नाही ना? ही तीन उत्तरे नीट असतील तर आजीने निश्चिंत व्हावे.

पडलो तो दिवस

आता आमच्या पडण्याकडे वळू. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून कापडगिरणीत काम करण्यासाठी उज्जैनला आले. मंडळीची उपासना हिंदीत, घरातले पवित्र शास्त्र मराठी, असे आमचे घर. अकराव्या वर्षी आम्ही आखाड्यात जाऊ लागलो.

मल्लखांबात पहिली शिकवतात ती अढी. दोन्ही पायांनी आणि मांड्यांनी खांबाला असे आवळायचे की हात सोडले तरी माणूस खाली घसरू नये. मग पुढे बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल असे प्रकार येतात. त्यांतच उतरती म्हणून एक प्रकार आहे. खाली येण्याचाही कसून सराव करावा लागतो. डोके खाली, पाय वर, एकेक पकड बदलत, तोल न जाऊ देता मातीला पोहोचायचे. बघणाऱ्यांना त्यात मौज वाटत नाही. टाळ्या पडतात त्या बोंडावर उभे राहणाऱ्याला.

आम्हांला टाळ्या हव्या होत्या. उतरतीची पाळी आली की आम्ही पाणी प्यायला जात असू. उस्ताद दोन-तीनदा म्हणाले, "चढ़ तो सब जाते हैं, उतरना सीखो." आम्ही मान डोलावली, आणि केले काही नाही.

तेराव्या वर्षी नागपंचमीला आखाड्यात कार्यक्रम होता. मोहल्ल्यातली माणसे जमली होती. वडील रजा काढून आले होते. आम्ही सरसर चढलो, बोंडावर एका पायावर उभे राहिलो, टाळ्या घेतल्या. आणि मग लक्षात आले की आता खाली यायचे आहे. पाय लटपटू लागले. एकेक पकड घेत येण्याइतका सराव नव्हता, आणि मला येत नाही असे सांगण्याचे धैर्य नव्हते. आम्ही उडी मारली. मऊ मातीच्या हौदात न पडता कडेच्या फरशीवर पडलो. उजवे मनगट मोडले.

उस्ताद संध्याकाळी घरी आले. रागावले नाहीत. खाटेजवळ बसून त्यांनी केळी सोलून दिली. हात बरा झाल्यावर आम्ही परत गेलो तेव्हा त्यांनी पूर्ण एक महिना आम्हांला वर जाऊच दिले नाही. कमरेइतक्या उंचीवर अढी घालायची आणि तेथून नीट उतरायचे, दुसरे काही नाही. लहान मुले आमच्या डोक्यावरून वर जात. तो महिना आम्हांला फार लाजिरवाणा वाटला. आज वाटते, आखाड्यातल्या सगळ्या दिवसांत खरे शिक्षण त्या एका महिन्यात झाले.

कारखान्यातला खांब

पण अंगाने शिकलेले मनाने लगेच शिकते असे नाही. पुढे आम्ही एका छोट्या कारखान्यात मालाची तपासणी करण्याच्या जागेवर लागलो. लेथवर तयार झालेले शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचे, बरोबर असतील तर कागदावर सही करायची, असे काम. तिशीच्या आतच आम्हांला पाळीचा मुख्य करण्याची बोलणी चालली होती. मंडळीतही त्याच वर्षी पंच म्हणून निवड झाली. दोन्हीकडे आम्ही वर चढत होतो.

एके दिवशी रात्रपाळीचा माल सकाळी घाईने पाठवायचा होता. आम्ही पेटीतले दहा-बारा नग मोजले, बाकीचे मोजले आहेत असे लिहिले आणि सही केली. आठ दिवसांनी तो सगळा माल परत आला. व्यास कमी भरला होता. लेथवर ठेकेदाराचा एक पोरगा मदतनीस होता, जवळच्या खेड्यातला, विशीचा. चौकशीत सगळ्यांचे बोट त्याच्याकडे गेले की, यानेच यंत्राची मांडणी हलवली असेल. आम्ही त्या खोलीत उभे होतो. कागदावर आमची सही होती. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराला फाटकातून आत घेतले नाही.

तो शुक्रवार होता. रविवारी उपासनेत आम्हांला शास्त्रवाचन होते. पान उघडले, वाचले, आणि काय वाचले हे आज आठवत नाही. एवढेच आठवते की व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरताना मोडलेल्या मनगटात कळ आल्यासारखे झाले आणि उस्तादांचे शब्द ऐकू आले. आम्ही परत बोंडावर उभे होतो, आणि परत उतरता येत नव्हते.

सोमवारी सकाळी आम्ही साहेबांकडे गेलो आणि जे झाले ते सांगितले. पाळीच्या मुख्याची जागा गेली. आमच्याहून पाच वर्षांनी लहान अशा सहकाऱ्याच्या हाताखाली आम्ही पुढे दोन वर्षे काम केले. पंचमंडळींनाही सांगितले, त्यांनी प्रार्थना केली आणि एक वर्ष आमच्याकडून हिशेबाचे काम काढून घेतले. ते योग्यच होते.

हे सगळे सोसण्यासारखे होते. न सोसण्यासारखे होते ते एकच. त्या पोराला परत बोलावले तेव्हा तो आला नाही. आम्ही सायकलने त्याच्या गावी गेलो. तो घरी नव्हता, मजुरीला गेला होता. त्याच्या वडिलांनी आमचे बोलणे ओसरीवर बसून ऐकून घेतले, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि एक शब्द बोलले नाहीत. त्याची बुडालेली मजुरी आम्ही त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी थोड्या वेळाने उचलली. क्षमा केली की नाही हे आम्हांला कधी कळले नाही. शुक्रवारीच बोललो असतो तर त्या ओसरीवर जाण्याची वेळ आली नसती. आपण उतरायला जितका उशीर करतो, तितका आपला भार कोणीतरी दुसरा वाहत असतो.

शास्त्रातील उतरणारे

त्यानंतर आम्ही पवित्र शास्त्र वाचताना एक गोष्ट शोधू लागलो. देवाने कोणाकोणाला खाली उतरावयास लावले?

पहिला नामान. अरामाचा सेनापती, पराक्रमी, राजाचा लाडका, आणि कोडी. तो रथघोडे घेऊन अलीशाच्या दारी उभा राहिला. संदेष्टा बाहेर आलासुद्धा नाही. त्याने निरोप धाडला की यार्देनेत सात वेळा स्नान कर. नामानाला राग आला. आपल्या देशातल्या नद्या काय कमी आहेत, असे म्हणून तो परत निघाला. युद्धात ज्याला कोणी अडवू शकले नाही त्याला एका लहानशा आज्ञेने अडविले! त्याला समजावले कोणी? त्याच्या चाकरांनी. संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर आपण केले असते ना, मग हे सोपे का करू नये, असे त्यांनी विचारले. यार्देनेचे खोरे खोल आहे; तेथे जायचे तर सर्वांनाच खाली उतरावे लागते. नामान उतरला तेव्हा बरा झाला. शिक्षकांनी मुलांना हे दाखवावे की बरे होण्याआधी त्याला चाकरांचे ऐकावे लागले. आपल्या हाताखालचा माणूस खरे सांगतो तेव्हा ते ऐकून घेणे ही उतरण्याची पहिली पकड आहे.

दुसरा जक्कय. यरीहोतला जकातदारांचा प्रमुख, बुटका, श्रीमंत. प्रभूला पाहण्यासाठी तो उंबरावर चढला. त्याचे चढणे वाईट नव्हते. पण प्रभूने झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारली आणि लवकर खाली यायला सांगितले, कारण त्या दिवशी त्याच्या घरी उतरायचे होते. झाडावर बसून प्रभू दिसतो. त्याला घरी न्यायचे तर खाली यावे लागते. आणि खाली आल्यावर जक्कय नुसता आनंद करीत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत, असे त्याने उभे राहून सांगितले. ज्यांचे नुकसान केले त्यांच्या ओसरीपर्यंत जाणे हा पश्चात्तापाचाच भाग आहे. पश्चात्ताप देवाजवळ आणि नुकसानीची वार्ताही देवाजवळच, असे आपण पुष्कळदा करतो. जक्कयाने तसे केले नाही.

अढी कशाला घालायची?

येथे वाचक विचारतील, हे सगळे पटते, पण उतरायला बळ कोठून आणायचे? मान सोडायचा, जागा सोडायची, लोक काय म्हणतील ते ऐकायचे, हे बोलायला सोपे आहे.

याचे उत्तर आखाड्यात आम्हांला अंगाने कळले होते. हात सोडायचे ते अढी पक्की असेल तरच. पायांची पकड सैल असताना हात सोडला तर माणूस पडतो; म्हणून घाबरलेला मुलगा हात सोडतच नाही, खांबाला कवटाळून राहतो. तो हट्टी दिसतो, पण खरे तर त्याची अढी कच्ची असते. आमचे शुक्रवारचे गप्प राहणे तसेच होते. नोकरीतली जागा आणि पंचाचा मान एवढ्यांनाच आम्ही धरले होते. ते सुटले की आपण कोणीच नाही असे वाटत होते.

आता योहानाचा १३वा अध्याय पाहा. प्रभू येशू जेवणावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. हे काम घरातल्या चाकराचे. पण योहान हे सांगण्याआधी तिसऱ्या वचनात काय नोंदवतो? आपण पित्यापासून आलो, पित्याकडे जात आहोत आणि पित्याने सर्व आपल्या हाती दिले आहे, हे प्रभूला ठाऊक होते. हे ठाऊक असून तो उठला आणि खाली वाकला. पित्याच्या प्रीतीत त्याची अढी पक्की होती, म्हणून हातातले सर्व सोडून तो शिष्यांच्या पायांपाशी बसू शकला.

फिलिप्पैकरांस पत्रातील दुसरा अध्याय हाच उतार पायरीपायरीने दाखवितो. देवाच्या स्वरूपात असणारा, ते हक्काने धरून न ठेवणारा, रिक्त झालेला, दास झालेला, माणूस झालेला, मरणापर्यंत आज्ञाधारक राहिलेला, आणि ते मरणही वधस्तंभावरचे. त्याच्यासारखी खोल उतरती कोणी केली नाही. त्यानंतर देवाने त्याला अत्युच्च केले असे पौल सांगतो. उंच करणे देवाचे काम. खाली उतरणे पुत्राने स्वतः स्वीकारले.

बंधुभगिनींनो, आमची प्रतिष्ठा ज्याच्यावर टेकली आहे ते डळमळते असेल तर आम्ही ते सोडणार नाही. ख्रिस्ताने आम्हांला आपले म्हटले आहे यावर आमची पकड असेल, तर कबुली देणे, माफी मागणे, धाकट्याच्या हाताखाली काम करणे हे जड जाईल खरे, पण आम्ही पडणार नाही.

जेथे उतरू नये

एक सावधगिरी मात्र शिकवावी लागते, नाहीतर मुले चुकीचा धडा घेतात. प्रत्येक हाकेला उतरायचे नसते. नहेम्या यरुशलेमेचा कोट बांधत होता तेव्हा सनबल्लट आणि गेशेम यांनी त्याला ओनोच्या मैदानात भेटीला बोलाविले. त्याने चार वेळा एकच उत्तर दिले की, मी मोठ्या कामात आहे, ते टाकून मला खाली येता येत नाही. कोट ५२ दिवसांत पुरा झाला. आणि वधस्तंभाजवळच्या लोकांनी प्रभूला टोमणा मारला की खाली ये म्हणजे विश्वास ठेवू. तो आला नाही. आला असता तर आमचे तारण झाले नसते.

फरक कसा ओळखावा? स्वतःला वाचविण्यासाठी वर चढून बसलो असू तर उतरावे. दुसऱ्याच्या भल्यासाठी सोपविलेल्या जागी उभे असू तर कोणी हिणवले म्हणून ती सोडू नये. कामगाराने वरिष्ठाच्या भीतीने खोट्या कागदावर सही करणे ही नम्रता नव्हे. तेथे नहेम्याचे उत्तर द्यावे.

रोजचा सराव

उस्तादांनी आम्हांला कमरेइतक्या उंचीवरून उतरायला लावले, कारण खालून शिकलेलेच वर उपयोगी पडते. पौलही तीमथ्याला सुभक्तीचा सराव करायला सांगतो (१ तीमथ्य ४:७). तेथे त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द व्यायामशाळेतलाच आहे. म्हणून लहान लहान उताऱ्यांपासून आरंभ करावा. घरात चूक झाली तर संध्याकाळपर्यंत ती मान्य करावी. मुलांसमोर आईबापांनी एकमेकांची माफी मागावी. मुलांना ते दिसले पाहिजे. कामावर दुसऱ्याने केलेले चांगले काम त्याच्या नावाने सांगावे. मंडळीत खुर्च्या लावणे, सतरंज्या झाडणे ही कामे पंचांनीही करावीत. अशा छोट्या उताऱ्यांत ज्याची पकड बसली, तो मोठ्या दिवशी फरशीवर उडी मारणार नाही.

संडे स्कूलच्या वर्गासाठी प्रश्न

१. नामानाला राग का आला? त्याला कोणी समजावले? तुम्ही कोणाचे ऐकत नाही?

२. झाडावरून उतरल्यावर जक्कयाने काय केले? आपल्याला कोणाचे काही परत करायचे आहे का?

३. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुऊ शकला, कारण त्याला काय ठाऊक होते?

४. नहेम्या खाली का आला नाही? आपण कोणत्या वेळी "येत नाही" म्हणावे?

त्या मुलाचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. तो आखाड्यात जातो. त्याच्या वडिलांनी प्रशिक्षकांशी आधी बोलून घेतले. आजी पहिले काही दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहत असे. गेल्या महिन्यात तो वर्गात तक्रार करू लागला की, सर अजून वर जाऊच देत नाहीत, नुसते उतरायला लावतात. आम्ही त्याला म्हणालो, "मग तुझे सर चांगले आहेत."

जो आमच्यासाठी सर्वांहून खाली उतरला तो प्रभू आम्हां सर्वांस, घरी, कामावर आणि मंडळीत, वेळेवर उतरण्याची कृपा देवो. आमेन.